बालकांमधील ट्यूबरस स्क्लेरोसिस कॉम्प्लेक्स

ट्यूबरस स्क्लेरोसिस कॉम्प्लेक्स (संक्षेपाने टीएससी) हा एक दुर्मीळ जनुकीय आजार आहे. या आजारात मेंदू, त्वचा, हृदय, मूत्रपिंडे, डोळे आणि फुप्फुसे अशा अनेक अवयवांत गाठी निर्माण होतात. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तथापि त्या ज्या जागी वाढतात तेथील अवयवाच्या कार्यात अडथळा आणतात. जन्माला येणाऱ्या सुमारे ६,००० बालकांपैकी एकास हा आजार असतो. तो सर्व वंशांत आणि मुलगे व मुली या दोहोंत आढळतो.

या आजाराची तीव्रता रुग्णागणिक फार भिन्न असते. काही व्यक्ती शिक्षण, नोकरी व संसार करून सामान्य आयुष्य जगतात, आणि काहींना आयुष्यभर दुसऱ्याच्या आधाराची गरज भासते. आजार समूळ बरा करणारा उपाय आज उपलब्ध नाही. मात्र अपस्माराचे झटके पहिल्या वर्षातच ओळखले जाणे, ठरावीक काळाने तपासण्या होत राहणे आणि बालकाच्या वर्तनाकडे व शिक्षणाकडे वेळीच लक्ष दिले जाणे, या गोष्टींचा बालकाच्या पुढील आयुष्यावर मोठा परिणाम होतो.

नाव

'ट्यूबर' या लॅटिन शब्दाचा अर्थ कंद किंवा उंचवटा, आणि 'स्क्लेरोसिस' हा शब्द 'कठीण' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेला आहे. मेंदूच्या पृष्ठभागावर बटाट्यासारख्या टणक गाठी आढळल्यामुळे हे नाव पडले. मराठीत 'कंदमय काठिण्य' असा शब्द घडविता येईल, पण डॉक्टर आणि पालक दोघेही 'टीएससी' असेच म्हणतात; म्हणून या लेखातही तेच नाव वापरले आहे. नावातील साम्यामुळे कित्येकदा गैरसमज होतो. या आजाराचा ट्यूबरक्युलोसिस म्हणजे क्षयरोगाशी काहीही संबंध नाही. तो संसर्गजन्य नाही आणि स्पर्शाने, उष्ट्या अन्नाने किंवा सहवासाने पसरत नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजारही याहून सर्वस्वी वेगळा आहे.

इतिहास

१८६२ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेक्लिंगहाउसेन यांनी एका मृत नवजात बालकाच्या हृदयातील गाठी व मेंदूतील कठीण भाग यांची नोंद केली. आजाराचे स्वतंत्र वर्णन मात्र फ्रेंच वैद्य देझिरे-मॅग्लॉर बूर्नव्हिल यांनी १८८० साली केले. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील एका किशोरवयीन मुलीला लहानपणापासून झटके येत होते. तिच्या मृत्यूनंतर केलेल्या तपासणीत त्यांना मेंदूच्या वळ्यांमध्ये कंदासारख्या गाठी आढळल्या. १९०८ साली हाइनरिश फोग्ट यांनी अपस्मार, बौद्धिक अक्षमता आणि चेहऱ्यावरील पुटकुळ्या ही तीन लक्षणे एकत्र मांडली, आणि पुढे अनेक दशके हे त्रिकूट म्हणजेच हा आजार असे मानले गेले.

या समजुतीचे परिणाम दूरवर झाले. ज्यांची बुद्धी सामान्य होती अशा रुग्णांचे निदानच होत नसे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकचे मॅन्युएल गोमेझ यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवून दिले, की तीनही लक्षणे एकत्र असणारे रुग्ण एक तृतीयांशाहूनही कमी असतात. आजाराचे खरे स्वरूप तेव्हापासून व्यापक अर्थाने समजू लागले. त्यानंतर १९९३ साली टीएससी २ आणि १९९७ साली टीएससी १ या जनुकांचा शोध लागला.

कारणे व आनुवंशिकता

टीएससी १ हे जनुक नवव्या गुणसूत्रावर, तर टीएससी २ हे सोळाव्या गुणसूत्रावर असते. त्यांच्यापासून अनुक्रमे हॅमार्टिन आणि ट्यूबेरिन ही प्रथिने तयार होतात. ही दोन प्रथिने एकत्र येऊन पेशींच्या वाढीवर लगाम ठेवतात. पेशीने केव्हा वाढावे आणि केव्हा थांबावे, हे ठरविणाऱ्या 'एमटॉर' नावाच्या यंत्रणेला ती आवर घालतात. दोहोंपैकी एका जनुकात दोष असला की हा लगाम सैल होतो आणि पेशी अवाजवी वाढतात. टीएससी २ मधील दोषामुळे होणारा आजार सर्वसाधारणपणे अधिक तीव्र असतो.

आजार अलिंगी प्रभावी पद्धतीने संक्रमित होतो. आई किंवा वडील यांपैकी एकास आजार असल्यास प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता ५० टक्के असते. पण सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या आईवडिलांत हा दोष आढळतच नाही. तो त्या बालकात नव्यानेच उद्भवलेला असतो. गरोदरपणात आईने काय खाल्ले, कोणते ग्रहण पाहिले किंवा कोणते काम केले, याचा त्याच्याशी संबंध नसतो. नातेसंबंधातील विवाहामुळेही हा आजार होत नाही. आपल्याकडे अशा प्रसंगी दोष बहुधा आईच्या माथी मारला जातो, म्हणून हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे.

आईवडील दोघेही तपासणीत निरोगी आढळले, तरी पुढील अपत्यात आजार होण्याची १ ते २ टक्के शक्यता उरते. याचे कारण असे, की क्वचित एखाद्या पालकाच्या केवळ बीजपेशींमध्ये दोष असू शकतो. म्हणून पुढील गर्भधारणेपूर्वी आनुवंशिक समुपदेशन घ्यावे. कुटुंबातील दोष नेमका माहीत असल्यास गर्भावस्थेतही तपासणी करता येते. पालकांची त्वचा, डोळे व मूत्रपिंडे तपासणेही महत्त्वाचे असते. बालकाच्या निदानानंतर आई किंवा वडिलांना स्वतःचा सौम्य आजार प्रथमच कळतो, अशी उदाहरणे विरळ नाहीत. एकाच कुटुंबातील, इतकेच काय एकसारख्या जुळ्या भावंडांमधीलही आजाराची तीव्रता सारखी असेल असे सांगता येत नाही.

वयानुसार दिसणारी लक्षणे

या आजाराची सर्व लक्षणे एकाच वेळी दिसत नाहीत. प्रत्येक अवयवातील बदल प्रकट होण्याचे वय निराळे असते, आणि म्हणूनच एका वयात केलेली तपासणी पुढच्या वयासाठी पुरेशी ठरत नाही.

पहिली खूण अनेकदा जन्मापूर्वीच मिळते. गर्भारपणाच्या उत्तरार्धातील सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात गाठी दिसतात. त्यांना ऱ्हॅब्डोमायोमा म्हणतात. एकापेक्षा अधिक गाठी असल्यास टीएससीची शक्यता बरीच वाढते. या गाठींबद्दल एक दिलासादायक बाब अशी, की जन्मानंतर त्या बहुधा आपोआप आक्रसतात आणि कित्येकदा नाहीशाही होतात. काही बालकांत मात्र रक्तप्रवाहात अडथळा किंवा हृदयाच्या ठोक्यांत अनियमितता निर्माण होते, आणि तेव्हा उपचार करावे लागतात.

त्वचेवरील फिकट डाग जन्मतः किंवा पहिल्या काही महिन्यांत दिसतात. सुमारे ९० टक्के रुग्णांत ते असतात. त्यांचा आकार काही वेळा एका बाजूस निमुळत्या पानासारखा असतो. गोऱ्या त्वचेवर ते ओळखण्यासाठी वुड्स लॅम्प या अतिनील प्रकाशाच्या दिव्याची मदत घ्यावी लागते. सावळ्या त्वचेवर ते साध्या उजेडातही उठून दिसतात. तरीही आपल्याकडे त्यांच्याकडे दुर्लक्ष होते, किंवा ते कोड समजले जातात. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो आणि बहुधा पुढील वयात येऊन पसरत जातो. टीएससीचा डाग त्वचेच्या रंगापेक्षा केवळ फिकट असतो आणि लहानपणापासून त्याच जागी राहतो. एखाददुसरा फिकट डाग निरोगी बालकातही आढळतो; त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. किमान ५ मिलिमीटर आकाराचे तीन किंवा अधिक डाग असतील, आणि विशेषतः बाळाला झटके येत असतील, तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे अगत्याचे आहे.

चेहऱ्यावरील लालसर पुटकुळ्या साधारणपणे दोन ते पाच वर्षे वयाच्या सुमारास दिसू लागतात आणि वयात येताना वाढतात. त्या नाकाच्या दोन्ही बाजूंना व गालांवर असतात. पुढे त्यांना तारुण्यपीटिका समजून वर्षानुवर्षे निरुपयोगी मलमे लावली जातात. कमरेच्या मागील बाजूस संत्र्याच्या सालीसारखा जाड, खडबडीत भाग, कपाळावर उंचवट्यासारखा चट्टा आणि किशोरवयानंतर नखांच्या कडेला मांसल गाठी ही त्वचेची इतर चिन्हे आहेत. दातांच्या आवरणावर बारीक खळगे असतात. दृष्टिपटलावरील गाठींमुळे दृष्टी सहसा बिघडत नाही.

अर्भकावस्थेतील झटके

टीएससी असलेल्या ८० ते ९० टक्के व्यक्तींना केव्हा ना केव्हा अपस्मार होतो, आणि बहुतेकांत त्याची सुरुवात पहिल्या वर्षातच होते. मेंदूच्या बाह्यकात गर्भावस्थेपासून असलेल्या कंदासारख्या गाठी व त्यांच्या सभोवतालचा भाग यांतून हे झटके उद्भवतात.

यांपैकी 'इन्फंटाइल स्पाझम' या प्रकारच्या झटक्यांची माहिती प्रत्येक पालकाला, आजीआजोबांना आणि अंगणवाडी सेविकेला असावयास हवी. हे झटके साधारणपणे तीन ते आठ महिने वयात सुरू होतात. आकडी किंवा फेफरे म्हटले की हातपाय ताठ होणे, तोंडाला फेस येणे असे चित्र डोळ्यांसमोर येते. या झटक्यात तसे काहीच होत नाही. बाळ क्षणभर मान पुढे झुकविते, हात बाजूला फेकते किंवा छातीशी घेते, गुडघे पोटाशी ओढते आणि सैल पडते. एक झटका एकदोन सेकंदच टिकतो. काही सेकंदांनी पुन्हा तसाच, मग पुन्हा, अशी मालिका चालते. झोपेतून उठल्यावर ती विशेषकरून दिसते. बाळ दचकले, त्याच्या पोटात दुखते आहे, दात येत आहेत, असे समजून घरातील माणसे ते सोडून देतात. दचकणे मोठ्या आवाजाने किंवा स्पर्शाने होते आणि एकदाच होते. हे झटके विनाकारण आणि ओळीने येतात, हा फरक लक्षात ठेवावा. याच सुमारास बाळाचे हसणे, नजर देणे, कुशीवर वळणे कमी झाले असेल, तर शंका अधिक बळावते.

अशा वेळी मोबाइलवर झटक्यांचे चित्रीकरण करून त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. तपासणीच्या वेळी झटका येईलच असे नसल्यामुळे या चित्रीकरणाचा निदानाला फार उपयोग होतो. मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख (ईईजी) काढला जातो. त्यात झोपेचाही काळ असणे आवश्यक असते. उपचारांना विलंब झाल्यास बौद्धिक विकासाचे नुकसान होण्याचा धोका वाढतो. त्यामुळे 'थोडे दिवस वाट पाहू' हा सल्ला येथे हिताचा नाही.

टीएससीमुळे होणाऱ्या अशा झटक्यांवर व्हिगाबॅट्रिन हे पहिल्या पसंतीचे औषध आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा फ्रेंच अभ्यासात ते घेणाऱ्या सर्व ११ बालकांचे झटके थांबले. त्याच्याशी तुलना केलेल्या हायड्रोकॉर्टिसोनने ११ पैकी ५ बालकांचे थांबले. व्हिगाबॅट्रिनमुळे काही रुग्णांत दृष्टिक्षेत्राच्या कडा कायमच्या आक्रसतात. म्हणून डोळ्यांची तपासणी करीत राहून, गरजेपुरताच काळ ते दिले जाते. त्याने गुण न आल्यास एसीटीएच हे संप्रेरक किंवा तत्सम औषधे वापरतात.

झटके सुरू होण्यापूर्वीच ईईजीमध्ये अनेकदा बिघाड दिसू लागतो. या निरीक्षणावरून युरोपात 'एपिस्टॉप' हा अभ्यास झाला. त्यात झटके येण्याआधीच व्हिगाबॅट्रिन दिलेल्या बालकांत अपस्माराचे प्रमाण व तीव्रता कमी आढळली. अमेरिकेतील 'प्रिव्हेंट' या अभ्यासात इन्फंटाइल स्पाझमचे प्रमाण घटले, परंतु दोन वर्षे वयाच्या बालकांच्या बौद्धिक विकासात फरक दिसला नाही. म्हणजे झटके रोखणे आवश्यक असले, तरी विकासातील अडचणी केवळ झटक्यांमुळेच येतात असे म्हणता येत नाही. जनुकीय दोषाचा मेंदूच्या जडणघडणीवर स्वतंत्र परिणामही होत असतो.

मेंदूतील इतर गाठी

मेंदूच्या पोकळ्यांच्या कडेला लहान गाठी असतात. त्यांपैकी एखादी मोठी होऊन 'सेगा' नावाची अर्बुदगाठ तयार होऊ शकते. ५ ते २० टक्के रुग्णांत, बहुधा बालपणी किंवा किशोरवयात, ती आढळते. ही गाठ हळूहळू वाढते, पण मेंदूतील द्रवाच्या मार्गावर असल्याने तो मार्ग तुंबून डोक्यातील दाब वाढतो. सकाळची डोकेदुखी, उलट्या, दृष्टी मंदावणे, एकाएकी वाढलेले झटके किंवा चिडचिड ही त्याची लक्षणे आहेत. बोलू न शकणारे मूल डोके दुखत असल्याचे सांगू शकत नाही. त्याच्या वागण्यातील अचानक बदल हीच त्याची तक्रार असते, आणि तो 'हट्टीपणा' म्हणून सोडून देता कामा नये.

वर्तन, बुद्धी व शिक्षण

टीएससीशी निगडित मानसिक, वर्तनविषयक, बौद्धिक व शैक्षणिक अडचणींना एकत्रितपणे 'टँड' असे म्हणतात. ही संज्ञा २०१२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञपरिषदेनंतर रूढ झाली. सुमारे ९० टक्के रुग्णांना यांपैकी कोणती ना कोणती अडचण आयुष्यात येते. पण तिचे मोजमाप व उपचार मात्र थोड्यांनाच मिळतात. झटके दिसतात, गाठी चित्रात दिसतात. या अडचणी मात्र घरातच राहतात. अनेक पालकांना सर्वांत जास्त थकविणारा भाग हाच असतो.

सुमारे निम्म्या रुग्णांत बौद्धिक अक्षमता असते. स्वमग्नतेचे प्रमाणही ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास आहे. नजरेला नजर न देणे, हाक मारल्यावर न वळणे, बोट दाखवून वस्तू न मागणे ही तिची सुरुवातीची चिन्हे पहिल्या दीड वर्षातच दिसू शकतात. अतिचंचलता, झोपेच्या तक्रारी, संतापाचे झटके, स्वतःला चावणे किंवा डोके आपटणे, तसेच मोठ्या मुलांत चिंता व नैराश्य हेही आढळते. बुद्ध्यंक सामान्य असलेल्या मुलालाही गणित, स्मरण, कामांचा क्रम लावणे किंवा एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देणे जड जाते. 'हुशार आहे पण आळशी आहे' हा शेरा अशा मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सहज पडतो.

या सर्व बाबींची दरवर्षी विचारपूस व्हावी, आणि अर्भकावस्था, शाळापूर्व वय, शाळाप्रवेश, माध्यमिक शाळा, किशोरवय या टप्प्यांवर सविस्तर मूल्यमापन व्हावे, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. त्यासाठी 'टँड तपासणी सूची' वापरली जाते. वागणुकीत एकाएकी बिघाड झाल्यास आधी शारीरिक कारण शोधावे. झटके, सेगा, दातदुखी किंवा औषधाचा परिणाम यांपैकी काहीही त्यामागे असू शकते.

मूत्रपिंडे व फुप्फुसे

बालपणाच्या उत्तरार्धापासून मूत्रपिंडांत अँजिओमायोलिपोमा या गाठी वाढू लागतात. कालांतराने त्या बहुसंख्य रुग्णांत आढळतात. मोठ्या गाठीतून अचानक रक्तस्राव होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. कुशीत तीव्र वेदना, लघवीतून रक्त, चक्कर ही तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे होत. शस्त्रक्रियेने संपूर्ण मूत्रपिंड काढणे शक्यतो टाळले जाते, कारण दुसऱ्या मूत्रपिंडातही अशाच गाठी असतात. काहींना मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होतात. रक्तदाब लहानपणापासून दरवर्षी मोजणे आवश्यक असते. ही साधी तपासणीच बहुधा राहून जाते. फुप्फुसाचा 'लॅम' हा विकार मुख्यतः प्रौढ स्त्रियांत होतो, म्हणून मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर फुप्फुसांचा सीटी स्कॅन करण्याची शिफारस आहे. धूम्रपान सर्वांनीच टाळावे.

निदान

निदानाचे आंतरराष्ट्रीय निकष १९९८ साली ठरले आणि २०१२ व २०२१ साली सुधारले गेले. दोन मुख्य लक्षणे, किंवा एक मुख्य व दोन गौण लक्षणे असल्यास निदान निश्चित मानतात. दोहोंपैकी एका जनुकात रोगकारक दोष सापडला तर तेवढ्यानेही निदान पुरे होते. मात्र १० ते १५ टक्के रुग्णांत नेहमीच्या जनुकीय चाचणीत दोष सापडत नाही. म्हणून अहवाल निर्दोष आला तरी लक्षणांवरून केलेले निदान रद्द ठरत नाही.

निदानाच्या वेळी मेंदूचा व पोटाचा एमआरआय, हृदयाची टूडी एको तपासणी व ईसीजी, ईईजी, डोळे, त्वचा व दात यांची तपासणी आणि विकासाचे मूल्यमापन केले जाते. त्यानंतर मेंदूचा एमआरआय वयाच्या २५ वर्षांपर्यंत दर एक ते तीन वर्षांनी आणि पोटाचा एमआरआय आयुष्यभर त्याच अंतराने करावयाचा असतो. झटके नसलेल्या अर्भकाचा ईईजी पहिल्या वर्षात दर सहा आठवड्यांनी व दुसऱ्या वर्षात दर तीन महिन्यांनी करावा, असे २०२१ च्या शिफारशींत म्हटले आहे. ग्रामीण भागातील कुटुंबाला हे वेळापत्रक पाळणे किती कठीण आहे, हे सांगावयास नको. म्हणून शक्य तेथे लहान मुलाला एकदाच भूल देऊन मेंदू व पोट यांचा एमआरआय एकाच खेपेत करण्याची विनंती डॉक्टरांना करावी.

उपचार

एमटॉर यंत्रणेला आवर घालणारी सिरोलिमस व एव्हरोलिमस ही औषधे आल्यापासून उपचारांचे स्वरूप बदलले. पूर्वी प्रत्येक गाठीवर स्वतंत्र उपाय करावा लागे. ही औषधे आजाराच्या मुळाशी असलेल्या बिघाडावर काम करतात. अमेरिकेत एव्हरोलिमसला सेगासाठी २०१० साली, मूत्रपिंडातील गाठींसाठी २०१२ साली आणि टीएससीतील अपस्मारासाठी २०१८ साली मान्यता मिळाली. औषध बंद केल्यास गाठी पुन्हा वाढू शकतात, त्यामुळे ते दीर्घकाळ घ्यावे लागते आणि खर्चाचा भार मोठा असतो. तोंडात फोड येणे, वारंवार संसर्ग होणे व रक्तातील चरबी वाढणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम आहेत. काही अपस्मारविरोधी औषधांमुळे त्याची रक्तातील पातळी घटते किंवा वाढते, म्हणून ती मोजावी लागते. हे औषध चालू असताना गोवर-रुबेला, तोंडावाटे दिला जाणारा पोलिओ डोस यांसारख्या जिवंत लसी देत नाहीत. लसीकरणाचा क्रम डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवावा. टीएससी आहे एवढ्याच कारणाने मात्र लसीकरण थांबवू नये.

चेहऱ्यावरील पुटकुळ्यांसाठी सिरोलिमसचे मलम वापरतात. सेगामुळे डोक्यातील दाब एकाएकी वाढल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. औषधांना न जुमानणाऱ्या अपस्मारात, ज्या गाठीतून झटके उद्भवतात ती शस्त्रक्रियेने काढणे, मानेतील व्हेगस मज्जातंतूला उत्तेजन देणारे उपकरण बसविणे किंवा किटोजेनिक आहार हे पर्याय आहेत. दोन योग्य औषधे योग्य मात्रेत देऊनही झटके थांबले नाहीत, तर शस्त्रक्रियेचा विचार लवकर व्हावा. किटोजेनिक आहारात स्निग्ध पदार्थ पुष्कळ आणि भात, भाकरी, साखर फारच थोडी असते. तूप, खोबरे, पनीर यांच्या आधारे तो शाकाहारी कुटुंबातही पाळता येतो. पण आहारतज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय तो सुरू करणे धोक्याचे आहे.

घरातील देखभाल

झटका आल्यास बालकाला कुशीवर वळवावे, मानेभोवतीचे कपडे सैल करावेत, डोक्याखाली मऊ कापड ठेवावे आणि घड्याळ पाहावे. कांदा किंवा चप्पल हुंगविणे, दातांत चमचा घालणे, पाणी पाजणे, हातपाय दाबून धरणे यांपैकी काहीही करू नये. चमच्याने दात तुटतात आणि पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास डॉक्टरांनी सांगून ठेवलेला मिडाझोलॅमचा नाकातील फवारा द्यावा आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर संपर्क करावा. फवारा घरी कोठे ठेवला आहे, हे शेजाऱ्यांनाही माहीत असावे.

झटक्यांची औषधे एकही दिवस चुकू देऊ नयेत. झटके थांबले म्हणून किंवा कोणी 'गरम औषधे' म्हटले म्हणून ती एकाएकी बंद केल्यास न थांबणारे झटके येऊ शकतात. गावी किंवा लग्नकार्याला जाताना औषधांचा पुरेसा साठा जवळ ठेवावा. काही औषधे तालुक्याच्या ठिकाणी मिळत नाहीत. विहीर, नदी, चूल आणि कठडा नसलेली गच्ची यांपासून अशा मुलाला सांभाळावे लागते. पोहताना व स्नानाच्या वेळी कोणीतरी जवळ असावे.

निरनिराळ्या विभागांचे डॉक्टर आपापल्या अवयवापुरते पाहतात, आणि संपूर्ण मुलाचा हिशेब बहुधा आईजवळ असतो. म्हणून एक जाड वही किंवा फाइल ठेवावी. तीत झटक्यांच्या तारखा, औषधांची मात्रा, प्रत्येक एमआरआयचा अहवाल व सीडी, आणि पुढील तपासणीचा महिना नोंदवावा. डॉक्टर बदलले किंवा आई आजारी पडली, तरी उपचारांचा धागा तुटत नाही.

भावंडांकडेही लक्ष देणे आवश्यक असते. घरातील सर्वांचा वेळ आजारी मुलाभोवती फिरत असल्याने निरोगी भावंड अबोल होते किंवा अकाली मोठे होते. आजाराचे नाव व स्वरूप त्याला त्याच्या वयाला समजेल असे सांगावे.

शाळा

शाळेत प्रवेश घेताना आजार लपविण्याची प्रवृत्ती आढळते. मुलाला प्रवेश नाकारला जाईल ही भीती अनाठायी नाही. तरीही वर्गशिक्षकांना झटक्यांची माहिती नसणे अधिक धोक्याचे आहे. झटक्याच्या वेळी काय करावे याचा एक पानी कागद व पालकांचा दूरध्वनी क्रमांक शाळेत असावा. रात्री झटके आलेले मूल सकाळी पेंगते, औषधांमुळेही मंदावते. त्याला त्या दिवशी फळ्यावर उभे करण्यात अर्थ नसतो. सूचना थोड्या शब्दांत व एकेक करून देणे, पहिल्या बाकावर बसविणे, चित्रांच्या साह्याने दिवसाचा क्रम समजावणे, लेखनाला अधिक वेळ देणे या साध्या गोष्टींनी पुष्कळ फरक पडतो. चेहऱ्यावरील पुटकुळ्यांवरून चिडविले जाणे किशोरवयात फार जिव्हारी लागते. हा आजार स्पर्शाने होत नाही, हे शिक्षकांनी वर्गाला एकदा सांगितले की बराचसा त्रास संपतो.

महाराष्ट्रातील उपलब्ध सोयी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून राबविला जात असून, त्यात अंगणवाड्या व शाळांमधील मुलांची तपासणी होते. झटके व विकासातील विलंब यांचा तपासावयाच्या बाबींत समावेश आहे. संशयित बालकांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. तेथे वाचा उपचार, भौतिकोपचार व मानसशास्त्रीय मूल्यमापन यांची सोय असते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांच्या यादीत टीएससी या नावाचा उल्लेख नाही. मात्र या आजारामुळे उद्भवणारी बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता यांच्या आधारे प्रमाणपत्र व 'यूडीआयडी' ओळखपत्र मिळू शकते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राज्य मंडळाच्या परीक्षांत पात्र विद्यार्थ्यांना जादा वेळ व लेखनिक अशा सवलती मिळतात. राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्यविमा योजना स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते.

प्रौढत्वाकडे

मूल अठरा वर्षांचे झाले की बालरोगविभागाचे दार बंद होते, आणि नेमक्या याच काळात मूत्रपिंडातील गाठी वाढत असतात व मुलींमध्ये फुप्फुसाच्या विकाराची शक्यता सुरू होते. झटके आटोक्यात असल्यास तपासण्या सुटून जातात. म्हणून बारा-तेरा वर्षे वयापासूनच हे स्थित्यंतर आखावे, असे तज्ज्ञ सांगतात. आपल्या आजाराचे नाव, औषधे व तपासण्या यांची माहिती मुलाला त्याच्या आकलनाप्रमाणे दिली जावी. मुलींच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्यांतील इस्ट्रोजेन, अपस्मारावरील काही औषधांचा गर्भावर होणारा परिणाम आणि अपत्यात आजार संक्रमित होण्याची शक्यता या बाबी विवाहापूर्वीच समजावून सांगाव्यात. आजार लपवून विवाह लावल्यास औषधे चोरून घ्यावी लागतात किंवा बंद केली जातात, आणि त्याचे परिणाम त्या मुलीलाच भोगावे लागतात.

ज्या व्यक्ती स्वतःचे निर्णय घेऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी अठराव्या वर्षानंतर आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील स्थानिक स्तर समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकारी हे या समितीचे प्रमुख असतात. या कायद्याच्या कक्षेत स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्या व्यक्ती येतात. बँक खाते, शस्त्रक्रियेची संमती व मालमत्ता यांसाठी हा कागद लागतो, आणि आईवडील हयात व धडधाकट असतानाच तो करून घेणे सोयीचे असते.